दोन पत्र्यांमधली जागा

सायलस बर्चल पाव-चीजची पुरचुंडी घेऊन नेहमीच्या वेळी न्यू फेरीच्या किनाऱ्यावर जहाज फोडायच्या कामाला आला. मर्सी नदीला ओहोटी लागली होती. जे जहाज पाहायला एके काळी गावंच्या गावं लोटायची, त्याचा मागचा तुकडा तेवढा चिखलात रुतून उरला होता. धुक्यात तोही निम्माच दिसत होता.

"साठी उलटली, म्हाताऱ्या! घरी शेकत बस की!" मुकादम इनॉक हॅलसॉलने टोमणा मारला.

सायलसने पुरचुंडी ठेवली आणि हातोडा उचलला.

दुपारी पत्रे फोडणारा लोखंडी गोळा थांबला. आवाज मात्र थांबला नाही.

ठक्... ठक्...

"पाणी निथळतंय," इनॉक म्हणाला, पण दबक्या आवाजात.

"पाणी नाही. जेबेझ आहे तो."

"कोण जेबेझ?"

"माझा धाकटा भाऊ." सायलसने पत्र्यावर तळहात टेकवला. "तरुणपणी हे जहाज आम्हीच बांधलं. दुहेरी पत्र्यांच्या मधे शिरून तो तापलेला रिव्हेट, पत्रे जोडायचा जाड खिळा, भोकातून बाहेर सरकवून आतून दाबून धरायचा, मी बाहेरून ठोकायचो. एके संध्याकाळी तो बाहेर आलाच नाही. आतून ठोकल्याचं ऐकू येत होतं... साहेब म्हणाला, उशीर झालाय, शेवटचा पत्रा बसवा."

"आणि तू...?"

"बसवला. आईला सांगितलं, पळून गेला."

इनॉकने हातातली टोपी नुसतीच चुरगळली.

"बाकीचं जहाज फोडून झालं, इनॉक. कुठंच सापडला नाही. निदान हाडं तरी पुरू दे मला."

छिन्नी लावून दोघांनी पत्रा उचकटला. आतून जुनी, कोंदट हवा आली. तिला जळत्या कोळशाचा वास होता. सायलसने कंदील आत धरला. गंज होता, ओल होती. हाड नव्हतं, चिंधी नव्हती. काहीच नव्हतं.

तो मटकन चिखलात बसला. इनॉक त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तोच थबकला.

"काका... मागं सरका."

शेजारचा पत्रा अजून जागचा हलला नव्हता. त्यातल्या एका रिकाम्या भोकातून लालभडक तापलेला रिव्हेट हळूहळू बाहेर येत होता. बोटभर आला आणि थांबला.

आतून कुणीतरी तो घट्ट दाबून धरला होता.