शेगडीचा लाल ठिपका

जुनी मैत्रीण एडना हिचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि लेनर्डनं उत्तर दिलं नव्हतं. "मी शेगडी बंद केली होती. तू तरी मानशील ना?" एवढंच त्यात होतं. ग्रंथालयात जन्म काढलेल्या लेनर्डला 'हो' हा एक शब्द लिहिता आला नाही, कारण त्याची खात्रीच नव्हती. शेवटी पत्र घेऊन तो ओमारू गावातल्या हिने पराता या खाजगी गुप्तहेर बाईकडे गेला.

आता ती दोघं एडनाच्या स्वयंपाकघरात उभी होती. विजेच्या शेगडीमागची भिंत आगीनं काळी पडली होती. एडना शेगडी विसरली असं म्हणून उद्या तिचा भाचा कोलिन तिला वृद्धाश्रमात नेणार होता.

"नेऊन तर दाखव म्हणावं!" एडनानं काठी आपटली. "डोळे अधू झालेत, डोकं नाही. बटणावर नेलपॉलिशचा ठिपका आहे, तो चाचपते. वर म्हणजे बंद, खाली पूर्ण आच, आडवा म्हणजे मध्यम. सूप मध्यमवर ठेवलं, झाल्यावर ठिपका वर केला आणि मटार तोडायला गेले."

"बटण बिघडलं होतं ना?" हिनेनं विचारलं.

"त्याच सकाळी कोलिननं आतला भाग बदलला. मग मी भिंतीवरचा स्विच लावला आणि लगेच सूप ठेवलं."

शेजारचा सेमिसी म्हणाला, "धूर दिसला तसा धावलो. भिंतीवरचा स्विच बंद केला, शेगडीजवळचं जळतं फडकं विझवलं. बटणाला हात लावला नाही, देवाशपथ."

"मी लावला," कोलिन म्हणाला. "ठिपका खाली होता. पूर्ण आच! मीच वर केला."

"दुरुस्तीनंतर तापवून बघितलंस?"

"त्यात काय बघायचं, बाई? जुनं काढलं, नवं घातलं."

हिनेनं जुना भाग मागवला. बटण ओढून काढलं, ते ज्यावर बसतं त्या जुन्या-नव्या दांड्या 'बंद'च्या खटक्यापर्यंत फिरवल्या आणि शेजारी धरल्या.

"लेनर्ड, काय दिसतं?"

"दांड्या," लेनर्ड चाचरत म्हणाला. "एका बाजूनं सपाट."

"कोणत्या बाजूनं?"

लेनर्ड वाकला. "जुनी वरून... नवी खालून."

हिनेनं बटण बसवलं, ठिपका वर केला, भिंतीवरचा स्विच लावला. थोड्या वेळानं कॉइलवर पाणी शिंपडलं. चर्रर्र! मग ठिपका खाली. कॉइल निवत गेली.

"बटण सपाट बाजू धरूनच बसतं, म्हणून आता सगळं उलटं. कोलिन, बसवल्यावर ठिपका खाली आला, तू वर फिरवलास. वीज बंद होती, म्हणून कळलं नाही. आडवा ठिपका दोन्हीकडून मध्यमच, त्यामुळे सूप नीट झालं. एडनाबाईंनी बंद केली, ती खरं तर पूर्ण पेटली. आणि ठिपका खाली असता, तर शेगडी बंद असती, आग लागलीच नसती. तू पाहिलंस म्हणतोस, ते कुणालाच दिसणं शक्य नव्हतं."

कोलिन खाली बसला. "आत्या, मला खरंच वाटलं तू विसरलीस. पुरावा असता तर तू ऐकलं असतंस."

"म्हणून पुरावा घरी बनवलास? मी कुठेही जात नाही. आणि उद्या वायरमनला बोलाव. तू माझ्या शेगडीला बोटसुद्धा लावायचं नाहीस!"

लेनर्ड पुढे झाला. "एडना, मी..."

"तोंडी नको. पत्र लिहिलं होतं मी."

तो टेबलाशी बसला. दोन कागद फाडले. मग कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेला. पाकिटात दोनच ओळी होत्या: "तू शेगडी बंद केली होतीस. हे मी पुराव्याआधी लिहायला हवं होतं."

त्यानं पाकीट आत सोडलं.