दुकानाचा नंबर

रविराज त्या दिवशी भोसरीतल्या मोबाइलच्या दुकानात शिरला तो फक्त स्क्रीनला काच बसवायला. चाकणची कंपनी त्याला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवत होती. बोलता बोलता त्याने काउंटरवरच्या स्वरूपाला अडचण सांगितली. आई गावात एकटी, तिचा फोन बटणांचा, त्यात नेट नाही... आणि रोमिंग परवडत नाही.

स्वरूपाने त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. “यात थोडे पैसे भरून ठेवा. तिकडच्या वायफायवरून साध्या फोनवर कॉल लागतो. रोमिंगपेक्षा बराच स्वस्त.”

“आणि अडलं तर?”

“बिलावर दुकानाचा नंबर आहे.”

त्याने बिल पाहिलं, मग तिला पाहिलं — जरा जास्तच वेळ.

तो जर्मनीला गेल्यावर पाचव्या दिवशी दुकानाचा फोन वाजला. “मॅडम, आवाज घुमतोय.” दोन दिवसांनी, “आधी शून्य लावू की एक्क्याण्णव?” मग एकदा, “तिकडे पाऊस आहे का?”

“त्याचा ॲपशी काय संबंध?”

“रेंजवर परिणाम होतो ना...”

स्वरूपा हसली, आणि दुपारभर गोंधळून बसली. कंपनीत रोबोट चालवणारा हा माणूस, त्याला एक ॲप जमू नये? इतका मठ्ठ आहे, की... त्या ‘की’च्या पुढे ती जाईना. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या फोनवर तिने भलत्याच मापाची काच चिकटवली. शेजारी बसणारी पिंकी नुसती खाकरली.

मग एके दिवशी त्याची आईच, अंबुबाई, लेकाने सांगितलेलं दुकान शोधत गावाहून एसटीने आली आणि रविराजची आई म्हणून ओळख सांगत तिने फोनचं अडकलेलं बटण दाखवलं.

“आवाज नीट येतो का तिकडून?” स्वरूपाने विचारलं.

“व्हय तर. पैल्या दिसापासनं येतो. शेजारच्या खोलीतनं बोलल्यावानी.” अंबुबाई खुशीत होती. “आता आला की पोरगी दाखवायची हाय त्याला. बघून ठिवलीया म्या.”

म्हणजे त्याची अडचण खोटी होती... आणि पोरगी खरी. कशाने हसावं, कशाने रडावं, स्वरूपाला कळेना. बटण तेवढं तिने दुरुस्त करून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“आज काय बिघडलंय?” तिचा आवाज कोरडा होता. “आई म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून स्वच्छ ऐकू येतं.”

“हो, म्हणजे... ते...” तो अडखळला.

“बोलायचंच होतं, तर व्हॉट्सॲपवर फुकट बोलता येतं. इथे पैसे कशाला घालवता?”

“त्याला तुमचा नंबर लागतो,” तो हळूच म्हणाला. “माझ्याकडे दुकानाच्या लँडलाइनचाच आहे.”

तिने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. “...आणि आईंनी बघून ठेवलेली मुलगी?”

“काल रात्रीच नको म्हणालो. आईनं विचारलं, दुसरी कोन हाय का? म्हटलं, आहे, पण तिला अजून माहीत नाही. तर म्हणाली, मग मला काय सांगतूस, तिला सांग.” तो थांबला. “म्हणून... सांगतोय.”

स्वरूपाला नाही म्हणावंसं वाटत नव्हतं, हो म्हणायला शब्द नव्हते. शेवटी ती म्हणाली, “लिहून घ्या.”

सहा आकडे सांगून ती अडली. इतक्या वर्षांचा स्वतःचा नंबर काही केल्या आठवेना.

उरलेले चार आकडे पिंकीने, मान वर न करता, शेजारून मोठ्याने सांगितले.