वधू पाहिजे, पण कोणाला?

जुन्या वर्तमानपत्रांचा जाडजूड गठ्ठा ओढताना पोरीचा तोल गेला आणि गठ्ठ्यासकट ती थेट वर्तमानपत्राच्या कचेरीतली ती जुन्या अंकांची खोली सांभाळणाऱ्या उंच मुलाच्या अंगावर!

"लागलं का हो?"

"मला नाही... अंकांना विचारा."

असा खडूस! पण डोळे हसरे मेल्याचे.

समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी ती 'वधू पाहिजे'च्या जुन्या जाहिराती उतरवून घ्यायला येई. काळ बदलला तशा लोकांच्या सुनेबद्दलच्या मागण्या कशा बदलल्या, त्याचा पुरावा म्हणे या कागदांत. तो शिडीवर चढून अंक काढी, ती खालून शिडी धरी. शिडी चांगली भक्कम होती, तरी धरी.

"सुस्वरूप, मनमिळाऊ, शांत... सगळ्यांनाच अशी मिळते?" तो विचारी.

"मिळत नाही, म्हणून तर छापतात!"

"कागद काय म्हणतो ते नंतर. लिहिलं कोणी आणि कशासाठी, ते आधी बघायचं," ती ऐटीत सांगे. तो ऐके कमी, बघे जास्त.

एके दुपारी टेबलावर छापण्याआधी तपासायचं उद्याच्या अंकाचं कच्चं पान पडलं होतं. 'वर्तमानपत्राच्या जुन्या अंक विभागात नोकरी, उंच, निर्व्यसनी मुलासाठी गृहकृत्यदक्ष, नोकरी न करणारी वधू पाहिजे.'

हा तर तोच! वही मिटून पोरगी तरातरा दारापर्यंत गेली... आणि थबकली. अगं, मग इतके दिवस शिकलीस काय? ही तर घरच्यांची मागणी. मुलाच्या मनातलं यात कुठंय?

ती गर्रकन वळली. "हे लिहिलं कोणी?"

"आत्यानं," तो धडपडत शिडीवरून उतरला. "मला आत्ता कळलं, शप्पथ!"

"आणि तुम्हाला कशी हवी?"

त्याचे कान लाल झाले. "कशी-बिशी नाही... तुम्ही हव्या आहात."

एवढ्यात आपली जाहिरात नीट लागलीय का ते तपासायला आत्याबाई दारात हजर! "ही कोण रे?"

"आत्या, जाहिरात काढून टाक. मला हिच्याशी लग्न करायचंय — म्हणजे, ही हो म्हणाली तर."

"हो," पोरगी म्हणाली. पटकन. लाजायचंसुद्धा राहून गेलं.

आत्याबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "स्वयंपाक येतो का गं?"

पोरीनं उलट विचारलं, "यांना येतो का?"

"न येऊन सांगतो कुणाला? मी शिकवलाय!"

"मग अडलंय कुठं, आत्या?" पोरगी म्हणाली.

आत्याबाईंनी डोळे वटारले... आणि फसकन हसल्या. "अरे, तिला बस तरी म्हण!" असं म्हणत जाहिरात खात्याच्या दिशेनं स्वतःच निघाल्या.