विमानाखालचं जातं

जातं उंबऱ्याबाहेर पडलं आणि लंकाबाईच्या डोळ्यांना धार लागली... वीस वर्षांपूर्वी नवरा बसऱ्याच्या लढाईत गेल्याचा सरकारी कागद आला, तेव्हाही ती बाई अशी रडली नव्हती! इसाक टांगेवाल्याने जात्याचे दोन्ही दगड मागच्या बाकावर, सवारी बसवावी तसे शेजारी शेजारी बसवले, वर गोणपाट पांघरलं आणि टांगा मखमलाबादहून नाशकाच्या रस्त्याला लागला.

सावळीराम गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याच्या मनात काहीच आलं नाही. मनात काही यायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. फक्त एक अडचण त्याच्या ध्यानात आली, की आता वहिनी आपल्याशी बोलणार कशी?

कारण लंकाबाई दिराशी बोलत नसे, जात्याशी बोले. "जात्या, सांग तुझ्या धन्याला, भाकरी वाढलीय." "जात्या, इचार, म्हशीला पाणी दावलं का?" आणि सावळीरामही जात्याकडे पाहूनच उत्तर देई, "दावलं म्हणावं." पहिल्या वर्षी आल्यागेल्याला याचं नवल वाटलं. तिसऱ्या वर्षापासून गावातली माणसंही सावळीरामला काही निरोप असला तर जात्याला सांगून जाऊ लागली.

तिचा राग खरा होता, आणि तो सावळीरामनेच स्वतःच्या हाताने पेटवलेला होता. पुंजा थोरला, हा धाकटा. दोघे एका पलटणीत भरती झाले, दोघे बसऱ्यापलीकडच्या कुट गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडले. एकोणीसशे एकोणीस साली तुर्कांच्या कैदेतून एकटा सावळीराम परतला, हाडांवर कातडं चढवलेला, आणि अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "माझी पाळी होती, वैनी. मी दादाला माझ्या जागी पुढं धाडलं. गोळी लागली." पुढे त्याने लग्न केलं नाही, वहिनीच्या शेतात राबला, तिच्या हातची मुकी भाकरी खाल्ली. फक्त पहाटे जातं सुरू झालं, की पाऊस असो, थंडी असो, तो घोंगडी उचलून अंगणात जाई आणि दळण संपेपर्यंत तिथेच उभा राही. आतून ओवी येई...

*दळीते दळण, माझ्या सुपात बाजरी,*
*बसऱ्याच्या वाटंवर पुंजा राजाची हाजरी!*

"पापी माणसाला माझी ओवी सोसत नाय," लंकाबाई जात्याला सांगे. एकदाच, सुरुवातीच्या वर्षांत, सावळीरामने जात्यापाशी विषय काढला होता, की नाशकात पिठाची गिरणी निघालीय, दळण तिकडं नेलं तर वैनीचे हात वाचतील. त्यावर तिने दोन दिवस चूल पेटवली नाही.

तर, एकोणीसशे छत्तीसच्या चैत्रात नाशकाच्या वस्तुसंग्रहालयात महायुद्धातलं एक विमान आलं. मुंबईच्या कुठल्याशा गोदामातून, तुकड्यातुकड्यांनी, बैलगाड्यांवरून. कुटच्या वेढ्यातल्या उपाशी शिपायांना आकाशातून अन्न पुरवणारं ते हेच विमान, की त्याचा मावसभाऊ, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण शहरात दोन तट पडायला तेवढी खात्री कशाला लागते? एक तट म्हणे, हे अन्नदाते विमान, याला हार घाला! दुसरा म्हणे, हे साम्राज्याचं गिधाड, आपली पोरं परक्या वाळवंटात नेऊन मारली, आणि वर त्यांना पीठ टाकल्याचे उपकार! याला दालनात जागा दिली तर आम्ही दारात बसू. ते बसलेही. कमिटीने तोड काढली : सोम, बुध, शुक्र विमान उघडं ठेवायचं, मंगळ, गुरू, शनी ताडपत्रीखाली झाकायचं. म्हणजे मग मंगळवारी अन्नदात्याचे भक्त दारात बसू लागले. शेवटी ठरलं, की विमानाखालच्या पाटीवर काय लिहायचं ते कुटमधून परतलेल्या माणसांनीच भरसभेत सांगावं. अशी माणसं आसपास दोनच सापडली. एक सावळीराम. दुसरा इसाक.

आणि संग्रहालयाचे चिटणीस होते मोठे अभ्यासू. वेढ्यात धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, म्हणून विमानांनी वरून जात्यांचे दगडसुद्धा टाकले होते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. ते स्वतः मखमलाबादला आले. "बाई, पुंजाजींच्या स्मरणार्थ त्या विमानाखाली एक जातं मांडावं म्हणतो. तुमच्या घरचं मिळालं तर..."

"न्या!" लंकाबाई म्हणाली. "मालकांनी तिकडं असल्याच जात्याचं पीठ खाल्लं आसल. न्या!"

"दुसऱ्याचं न्या," सावळीराम कोपऱ्यातून म्हणाला. "वाटल्यास आमचा पाटा न्या."

चिटणीस हसून म्हणाले, "अहो, सरकारने पाटे टाकले नव्हते."

जातं गेल्यावर तीन दिवस त्या घरात एक अक्षर उमटलं नाही. लंकाबाई ताट ठेवी, जिथे जातं असे त्या रिकाम्या वर्तुळाकडे पाही, ओठ उघडी आणि मिटी. सावळीरामला वाटलं, हे बरं. मग वाटलं, नाही, ते जात्यातून येणारं बोलणं बरं होतं... शिव्या का असेनात, त्या त्याच्यासाठी होत्या!

सभेच्या दिवशी दालन खच्चून भरलं. विमान अधांतरी टांगलेलं, कापडाच्या पंखांना ठिकठिकाणी ठिगळं. आणि बरोबर त्याच्या खाली, लाल दोरीच्या चौकटीत, लंकाबाईचं जातं. सावळीरामने वर पाहिलं, खाली पाहिलं. मधलं अंतर त्याला ओळखीचं होतं. चेहरा मात्र नेहमीसारखाच, पुसलेल्या पाटीसारखा राहिला.

"सांगा सावळीराम," चिटणीस म्हणाले, "या विमानाबद्दल आपलं काय मत?"

"चांगलं हाय."

"थोडं विस्ताराने सांगा."

"लय चांगलं हाय."

एका तटाने टाळ्या दिल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने लंकाबाई उठली, तरातरा दोरीपाशी आली आणि चारशे माणसांसमोर जात्याला म्हणाली, "जात्या, इचार तुझ्या धन्याला! भावाला मरणाच्या तोंडी देऊन जो जगला, त्याला हे चांगलंच वाटायचं! जो गेला, त्याला कोण इचारणार?"

दुसऱ्या तटाने टाळ्या दिल्या. सावळीरामने मान खाली घातली. सतरा वर्षं घातली होती, अजून एकदा काय!

पण इसाकला ते बघवलं नाही. तो चाबकासकट बाकावर उभा राहिला.

"बस कर भाभी! खुदा के वास्ते बस कर! सावळ्या, तू बोलतो का मी बोलू?"

"इसाक, खाली बस. तू शब्द दिलाय."

"दिला होता! ही बाई आज भरसभेत तुझ्यावर थुंकली, आता कसला शब्द?" तो लंकाबाईकडे वळला. "गोळी-बिळी काही नव्हती, भाभी. मी तिथंच होतो. आपलंच विमान आलं, त्यातून सामान पडायला लागलं. पुंजा आनंदानं नाचत धावला, वर हात करून ओरडला, 'जातं आलं रे, जातं!'... आणि ते त्याच्यावरच आलं."

चारशे माणसांत कोणीतरी फिसकन हसलं. मग ते हसू जिथल्या तिथे गोठलं.

लंकाबाईने सावळीरामकडे पाहिलं. तोंडाकडे, सरळ.

"खरं हाय," तो सपाट आवाजात म्हणाला. "सामान येचायला जायची पाळी माझी होती हेबी खरं हाय. मी तापानं पडलो व्हतो, दादा म्हणला, तू निज, मी जातो. मी धाडलं नाय, तो गेला. दुसऱ्या दिवशी ते जातं धुतलं. त्याच्यावर जव दळले. मी खाल्लं, वैनी. भूक व्हती."

"मग मला का नाय सांगितलं?" तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला. "सतरा वर्सं माझं बोलणं खाल्लं... का?"

"मी आलो त्या दिवशी तुम्ही दळत व्हता. जात्याला मिठी घालून दादाच्या नावाची ओवी म्हणत व्हता. दादा तर गेलाच व्हता... मी खरं बोललो आसतो तर ते जातंबी गेलं आसतं. मग तुमच्यापाशी काय राह्यलं आसतं?"

लंकाबाईने वाकून जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला. त्या लाकडाला तिच्या मुठीने पाडलेला खळगा होता. साऱ्यांना वाटलं, ही आता जात्याशी बोलणार. पण तिने हात काढून घेतला, पदराला पुसला.

"भावजी..."

सावळीरामने वळून मागे पाहिलं, ही कोणाला म्हणते आहे ते.

"भावजी, घरी चला," ती म्हणाली. "वाटंत गिरणीवर थांबू. पीठ घ्यायचंय."

चिटणीस हलक्या पावलांनी टांग्यापर्यंत आले. "बाई, ते जातं... आपण परत नेणार?"

"राहू द्या तिथंच. पोरं येतील बघायला, त्यांना सांगा, वरनं काय काय पडतं ते."

पाटी मात्र कमिटीने कोरीच ठेवली. दोन्ही तटांनी ती एकमताने मंजूर केली, आणि नाशकाच्या सार्वजनिक जीवनात असं पहिल्यांदाच घडलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे सावळीरामला नेहमीच्या वेळी जाग आली. सवयीने त्याने घोंगडी उचलली, अंगणात जाऊन उभा राहिला. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. कोंबडा आरवून गेला, पूर्वेला फटफटलं, तो तसाच उभा. मागे दाराची कडी वाजली. लंकाबाई बाहेर आली, दिराच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच्याबरोबर जरा वेळ कान देऊन ऐकत राहिली.

"आत चला, भावजी," ती म्हणाली. "आता कायबी वाजत नाय."