टॅनिन काढायच्या आधी

प्रयोगशाळेच्या दारात गोणी घेऊन उभा असलेला तो मला आधी दिसलाच नाही — दिसला तो गोणीतून फरशीवर आलेला पाण्याचा ओघळ.

"ओला पाला? मी वाळलेला मागवला होता!"

"तीन दिवस ऊनच नाही, मॅडम. झाडावर रागावताय की माझ्यावर?"

"तुमच्यावर. झाड उलट बोलत नाही."

तो हसला... आणि माझं काही खरं नव्हतं. वनस्पती उद्यानातला हा माळी मग दर सोमवारी पाला आणू लागला, आणि मी दर रविवारी न चुकता केस धुवू लागले.

कॅन्सरच्या पेशींना वाढायला एक एन्झाइम लागतं. ते रोखणारं काहीतरी मी पानांत शोधत होते. एका सोमवारी त्याच्या पाल्याच्या अर्कानं ते नव्वद टक्के रोखलं! खरं तर आधी अर्कातलं टॅनिन काढायचं असतं. चहाला तुरट करणारं हे टॅनिन दिसेल त्या एन्झाइमला चिकटतं आणि आपल्याला फसवतं. ते काढून पुन्हा तपासायचं, मगच तोंड उघडायचं. मी आधीच त्याला "औषध सापडलं" असं सांगून बसले. त्याचा चेहरा कसा उजळला होता तेव्हा!

आज टॅनिन काढलं. उरलेल्या अर्कानं काहीच रोखलं नाही.

"म्हणजे... औषध नाही?"

"नाही. चुकलं माझं. तुम्हाला आनंदात बघायचं होतं, म्हणून घाई केली."

तो मटकन स्टुलावर बसला. "माझ्या ताईला कॅन्सर आहे. तुमचं ऐकून मी तिला याच पाल्याचा काढा देतोय. आता ती उद्याचं इंजेक्शन नको म्हणतेय."

मी एप्रन काढून ठेवला. "चला. त्यांना मीच सांगते."

त्याच्या घरी ताई उशीला टेकून बसली होती. सगळं ऐकून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "सुटले. घशाखाली उतरत नव्हता तो काढा." मग माझ्याकडे बघून, "उद्या तूही ये दवाखान्यात. हा तिथे नुसता रडतो."

जिन्यात तो थांबला. "मी रागावलोय तुमच्यावर. खूप."

"माहीत आहे."

"तरी याल? ताईसाठी?"

"आणि तुझ्यासाठी. आवडतोस मला... पहिल्या गोणीपासून."

कठड्यावरचा माझा हात त्यानं घट्ट धरला.

"डॉक्टर म्हणतात, इंजेक्शननंही फार तर वर्षभर..."

"मग सकाळी लवकर निघू," मी म्हणाले.