उतरलेली तार

आमची संगीतशाळा अग्निशमन दलाच्या जुन्या बंबखान्यात भरते. खाली जिथं बंब उभे राहायचे, तिथं आता वाद्यवृंदाच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. वर जवानांच्या झोपायच्या खोल्या होत्या, तिथं आम्ही तंतुवाद्यं शिकवतो. माझी खोली अगदी टोकाची. खिडकीतून धान्याची उंच कोठारं दिसतात, त्यांच्यामागं सुपीरियर सरोवर, आणि हवा स्वच्छ असली की पाण्यापलीकडं तो उताणा झोपलेल्या माणसासारखा डोंगर. आमच्या थंडर बे शहरात तो सगळ्यांनाच दिसतो, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही.

मी टूला रौतियो. एकोणीस वर्षं इथं व्हायोलिन शिकवते. माझा कान पक्का आहे असं सगळे म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं.

शेजारच्या खोलीत बोहदान लिसाक शिकवायचे. वय एकाहत्तर, उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र, बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली. पण लहान पोरं हट्टानं त्यांच्याकडंच यायची. एखादीचा गज करकरला की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "अगं, मांजराची शेपूट सोड आधी!" आणि मग पोरीचं खदखदून हसणं. त्यांच्या कानाबद्दल शाळेत कुजबुज होती. मी ती कधी सुरू केली नाही, पण थांबवलीही नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, वार्षिक कार्यक्रमाच्या दुपारी, ते माझ्या दारात आले.

"टूला, पोरांची सहा वाद्यं तेवढी जुळवून देशील? माझी बोटं आज खुंट्यांशी भांडतायत."

मी पाच जुळवली. सहावं हातात होतं तेव्हा शहराच्या वाद्यवृंदातली एक बाई मला शोधत आली. पुढच्या हंगामात त्यांच्याबरोबर वाजवशील का, असं विचारत होती. मी हुरळून गेले. बोलता बोलता ते सहावं व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी मिटली.

मला आठवलं तेव्हा पोरं रांगेनं मंचावर चढत होती. मी कडेला उभी होते. दहा पावलांवर. कार्यक्रम अर्धा मिनिट थांबवला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. पण ती वाद्यवृंदवाली बाई पहिल्या रांगेत बसली होती. मी हलले नाही.

सहावं व्हायोलिन डारिया फेडाकचं होतं. सात वर्षांची पोर, आणि मधल्या चार ओळी तिनं एकटीनं वाजवायच्या होत्या. ए ची तार जवळजवळ अर्धा सूर उतरलेली. तिला वाटलं आपलंच बोट चुकतंय. तिनं बोट पुढं सरकवलं, मग मागं, मग पुन्हा पुढं. कुणीतरी हसलं. तिनं व्हायोलिन खाली केलं आणि ती तिथंच उभ्या उभ्या रडायला लागली.

सोमवारी शाळेच्या संचालिका ग्वेन मॉफट यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"वाद्यं कुणी जुळवली होती?"

"बोहदाननीच," मी म्हणाले.

मी हे ठरवून बोलले नव्हते. कुणी नाव विचारल्यावर आपण सांगतो, तितक्या सहज ते तोंडातून निघालं.

बोहदाननी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं आणि त्याचं नाव आठवू नये, तसं. मग त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं.

"असेल. मीच जुळवली असतील. हल्ली या कानाचा काही भरवसा नाही."

जूनमध्ये त्यांनी शाळा सोडली. निरोपाच्या कार्डावर सगळ्यात लांब मजकूर माझा होता. ते विनिपेगला मुलीकडं राहायला गेले आणि पुढच्या जानेवारीत तिथंच वारले. ग्वेन अंत्यविधीला गाडी घेऊन गेल्या. रस्त्यावर बर्फ फार आहे म्हणून मी गेले नाही.

डारिया तोवर माझ्याकडं शिकायला लागली होती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तिची ए ची तार उतरलेली वाटली. मी चढवली. पाच मिनिटांत पुन्हा उतरली. बाहेर उणे तीस, आत दिवसभर हीटर. लाकूड सुकतं, खुंटी घसरते. मी खुंटीला खडू लावला. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा मी सूर मोजायचा ट्यूनर लावला.

हिरवा दिवा लागला. तार जिथं असायला हवी तिथंच होती.

मी डोळे मिटले आणि डारियाला पुन्हा गज ओढायला लावला. माझ्या कानाला ती उतरलेलीच ऐकू येत होती. जवळजवळ अर्धा सूर.

हे फक्त विद्यार्थ्यांच्या वाद्यांवर व्हायचं, आणि तेही मी स्वतः जुळवायला घेतलेल्या. माझं व्हायोलिन ठीक होतं. रेडिओवरचं वादन ठीक होतं. मी तारीखवार नोंदी ठेवल्या, दुसरी खोली मागून घेतली, दुसरा ट्यूनर आणला. काही फरक पडला नाही.

गॉर्ड पेल्टिए नावाचे माझे एक विद्यार्थी आहेत. तीस वर्षं धान्याच्या कोठारात काम करून निवृत्त झाले आणि मग व्हायोलिन धरलं. दर बुधवारी येताना पर्शियन नावाचे, गुलाबी साखरेचा थर दिलेले दोन गोड पाव घेऊन येतात, एक मला, एक स्वतःला. एका बुधवारी मी त्यांची तार चढवत होते.

"बाई, पुरे आता," ते म्हणाले. "ती माझ्या सासूसारखी किंचाळायला लागलीय."

"अजून थोडी हवी."

तार तुटली आणि माझ्या मनगटावर लाल वळ उठला.

गॉर्डनी तुटकं टोक हातात घेतलं. "कोठारात धान्य वाहणारा पट्टा मी असा ताणला असता ना, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला." ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, बरं आहे ना सगळं?"

मी कान तपासून घेतले. तपासणारी मुलगी म्हणाली, विशीतल्या माणसालाही हेवा वाटेल असे आहेत.

मार्चच्या अखेरीस डारिया वर्गात आली. अंगातला जाड कोट न काढताच तिनं पेटी उघडली. मी हात पुढं केला.

"नको बाई. सरांनी जुळवून दिलंय."

"कुठल्या सरांनी?"

"जिन्यात होते ते."

मंगळवारी आमच्याकडं एकही पुरुष शिक्षक नसतो. मी जिन्यापर्यंत जाऊन आले. खाली बूट काढून ठेवायच्या ट्रेमध्ये डारियाचे बूट होते, त्यांच्याखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी. आणखी कुणाचे बूट नव्हते.

"काय म्हणाले सर?"

डारियानं गजाचा स्क्रू फिरवला. "म्हणाले, बाईंना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

ते दिसायला कसे होते, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "चल, सुरू कर," आणि त्या दिवशी तिचा प्रत्येक सूर मला स्वच्छ ऐकू आला.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा कार्यक्रम आला. मी सहाही वाद्यं ग्वेनसमोर, ट्यूनर लावून जुळवली. प्रत्येक वेळी हिरवा दिवा. माझ्या कानाला सहाच्या सहा उतरलेली. मी दिव्यावर विश्वास ठेवला.

डारियानं तिच्या चार ओळी सुरू केल्या.

अर्धा सूर खाली. तोच आवाज, त्याच जागी. पोरीचं बोट पुढं जाईल, मागं जाईल, कुणीतरी हसेल. मला ते सहन होईना.

मी उठून उभी राहिले. "थांबा!" मी ओरडले. "थांबव डारिया, तार उतरलीय!"

सगळं सभागृह माझ्याकडं वळलं.

मागच्या रांगेतून गॉर्ड हळूच म्हणाले, "बाई, खाली बसा. पोरगी मस्त वाजवतेय."

डारिया रडली नाही. ती मी बसेपर्यंत थांबली, आणि मग तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मान वर करायची मला हिंमत झाली नाही.

सोमवारी ग्वेननी मला बोलावलं. बोहदान बसले होते त्याच खुर्चीत बसवलं, कॉफी दिली.

"टूला, थोडी सुट्टी घेतेस का? मी तुला दोष देत नाहीये."

बोहदानशीही त्या अशाच हळू आवाजात बोलल्या होत्या. मग मी सांगितलं. पाच व्हायोलिनं, ती वाद्यवृंदवाली बाई, मिटलेली पेटी, दहा पावलं. माझं खोटं. सांगताना मी टेबलाच्या कडेकडं बघत होते.



"मला ठाऊक होतं," ग्वेन म्हणाल्या.

मी मान वर केली.

"बोहदान त्याच दिवशी परत आले होते माझ्याकडं. म्हणाले, वाद्यं टूलानं जुळवली होती. मी म्हटलं, मग मघाशी तसं का नाही बोललात? तर म्हणाले, ती घाबरली होती. तिला सांगू नका मला माहीत आहे म्हणून. तिला वाईट वाटेल." ग्वेननी कप बाजूला सरकवला. "आणि मी त्यांना जाऊ दिलं, टूला. कारण त्यांना जा म्हणायला मला निमित्त हवंच होतं. तेव्हा लाज तुझ्या एकटीची नाही."

जिन्यातल्या सरांबद्दल मी ग्वेनना कधी बोलले नव्हते. कुणालाच बोलले नव्हते.

मी वर आले. साडेतीनला लहान मुलांचा वर्ग होता. शाळेची सहा व्हायोलिनं, पोरांना वर्षभर घरी दिलेली, उन्हाळ्यात माझ्या खोलीतल्या कपाटात असतात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली एकच, माझ्या गळ्यात. कार्यक्रमानंतर ती मीच आत ठेवली होती, चारही तारा सैल करून. मे ते सप्टेंबर आम्ही त्या तशाच ठेवतो, पण या वर्गाचा एक तास राहिला होता.

कुलूप उघडलं. पेट्या टेबलावर मांडल्या.

पहिली उघडली. तारा सैल नव्हत्या. मी ए ची तार छेडली.

स्वच्छ होती. ट्यूनर लावला. हिरवा दिवा. किती महिन्यांनी माझ्या कानाचं आणि दिव्याचं एकमत झालं होतं.

मी खुंटीला हात लावला. ती उबदार होती. आत्ताच कुणाच्या तरी बोटांतून सुटल्यासारखी.

दुसरी पेटी. जुळलेली. उबदार.

तिसरी. चौथी. पाचवी.

खाली पोरांच्या पावलांचा आवाज झाला. मी सहाव्या पेटीचं झाकण उचललं.

तिची खुंटी अजून फिरत होती.