झडपेच्या अलीकडची माणसं

चैत्र उतरणीला लागला की चंद्रपूरकडची माणसं जमिनीखाली राहायला जात. वरचं ऊन आता अंगावर घेण्याजोगं राहिलं नव्हतं. कोळसा संपून बंद पडलेल्या खाणींत मात्र गारवा होता. बोगदे रुंद करून तिथे घरं, शाळा, दवाखाना, सगळं थाटलं होतं. भीती एकाच गोष्टीची. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू अजूनही पाझरायचा, आणि तो साचला की एक ठिणगी पुरे होती. म्हणून प्रत्येक उपबोगद्याच्या तोंडावर माणसापेक्षा उंच पोलादी झडप बसवलेली होती. त्या झडपांची देखभाल वनिता डोंगरवारकडे.

त्या दुपारी पश्चिमेकडच्या उपबोगद्यात वायू वाढला, तिथली वीज आपोआप तुटली आणि झडप धाडकन बंद झाली. आत अळंबीच्या वाफ्यांवर तिघं काम करत होती. त्यांतली एक वनिताची नणंद, रत्नमाला.

"वहिनी, पंखा थांबलाय," फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. "सुकरूमामांना घेरी येतेय. लवकर उघड ना."

वनिता गुडघ्यांवर बसून झडपेच्या पेटीत डोकावली. मोठी झडप हलायची दाबाच्या हवेवर; त्या हवेला वाट द्यायची की अडवायची, हे ठरवायची मुठीएवढी सोलेनॉइड झडप; तिच्या कॉइलमध्ये वीज गेली की ती चुंबक होऊन आतला दांडा ओढायची. तिची वायर वेगळी होती, ठिणगी न पाडणारी, त्यामुळे तिला वीज मिळत होती. वनिताने टेस्टर लावला. कॉइल शाबूत. स्क्रूड्रायव्हरचं टोक जवळ नेलं, तर ते खेचलं गेलं, म्हणजे चुंबकत्वही होतं. हवेचा दाब पुरेसा, गाळणी साफ. तरी आतला दांडा जागचा हलत नव्हता.

"काहून उघडत नाही, बाई?" वस्तीचे प्रमुख शामराव आत्राम धापा टाकत आले. त्यांच्यामागून डॉक्टर खोब्रागडे आले. ते शास्त्रज्ञ; ही झडप त्यांनीच बनवली होती.

"बिघाड सापडत नाही, सर," वनिता म्हणाली.

"सापडणार नाही. बिघाड नाहीच तो." खोब्रागड्यांनी घाम पुसला. "आत्रामजी, साध्या झडपेत एक स्प्रिंग असते. वीज गेली की ती झडपेला एका बाजूला ढकलते. उघडी ठेवायची की बंद, हे आम्ही बसवतानाच ठरवायचो. पण इथे कधी उघडी हवी, कधी बंद. म्हणून मी स्मृतिस्प्रिंग केली. तिचा धातू परिस्थितीप्रमाणे ताठ होतो किंवा सैल पडतो. झडपेच्या दोन्ही बाजूंची हवा ती सतत तपासते. किती वायू, आणि श्वासावरून किती माणसं."

"माणसं मोजते?"

"हो. झडप उघडली तर वायू मुख्य बोगद्यात येणार. इथे शेकडो, तिथे तिघं. ती ताठ झालीय. कॉइलचं बळ तिच्यापुढे पुरत नाही."

"मग हातानं उघडा!"

"हाताचं चाक मी मुद्दाम ठेवलं नाही. आपलं माणूस आत असलं की कुणीही ते फिरवील."

वनिताला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. फोनवर रत्नमाला नुसती श्वास घेत होती. त्या श्वासांकडे कान देता देता वनिताला एकदम सुचलं.

"सर, इकडची माणसं कमी झाली तर?"

खोब्रागड्यांनी झडपेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तर ती सैल पडेल. बोगदा रिकामा असला तर कुणाला न बाधता वायू मोठ्या पंख्याने वर निघूनही जाईल. पण माणसं जाणार कुठे?"

जायला जागा एकच होती. वर, उन्हात.

आत्रामांनी भोंगा वाजवला आणि सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. "तिघांसाठी आम्ही भाजून मरायचं?" कुणीतरी ओरडलं.  आत्रामांनी आपल्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेतलं आणि जिना चढू लागले. मग एकेक कुटुंब निघालं. ओली चादर डोक्यावर, पोरं कडेवर.

खोब्रागड्यांनाही वनिताने पिटाळलं. कॉइलचं बटण दाबून धरायला कुणीतरी हवं होतं. ती एकटी उरली. पलीकडे तिघं, अलीकडे ती. आता झडपेच्या हिशेबात उणी बाजू तिची होती. वायू आला आणि कुठे ठिणगी उडाली तर संपलंच. तिने अंगठ्याने बटण दाबून धरलं.

दांडा टक्कन वाजला. झडप करकरत उघडली, उबट वारा तिच्या तोंडावर आला आणि पंख्याने तो वर ओढून नेला. सुकरूमामांना खांद्याचा आधार देत रत्नमाला बाहेर पडली.

तिघंही वाचली. वर आत्रामांची आई मात्र उन्हाने गेली.

तिचं सुतक फिटेपर्यंत वस्तीत कुणी मोठ्याने बोललं नाही. पण झडप कशी मोजते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. उपबोगद्यांतली कुटुंबं मुख्य बोगद्यात येऊन दाटीवाटीने राहू लागली. उपबोगद्यातल्या दवाखान्यात पेशंटपाशी बसायला नातेवाईक मिळेना. शाळेचे कमी पोरांचे वर्ग एकत्र झाले. झडपेला हाताचं चाक बसवा, असं वनिताने सभेत मांडलं, तर हात फार थोडे वर आले. जास्त माणसांच्या बाजूला असणाऱ्यांना झडप आहे तशीच हवी होती.

अळंबी पिकवायला रत्नमाला आणि सुकरूमामा, दोघंच परत गेली. एक दिवस रत्नमालाने वनिताला जेवायला बोलावलं. वनिता डबा घेऊन गेली आणि उघड्या झडपेशी थबकली. पाऊल पुढे पडेना. त्या दिवशी ती इथेच एकटी उभी राहिली होती, पण तेव्हा तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आता आतली डोकी मोजणं सुचत होतं.

रत्नमालाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"राहू दे, वहिनी," ती म्हणाली. "मीच येते तिकडे."

ती हात धुऊन निघाली. मागे वाफ्यावर वाकलेल्या सुकरूमामांनी मान वर केली. आपण एकटेच उरतोय, हे ध्यानात येताच त्यांनी पाण्याचा पाइप तसाच वाहता टाकला आणि ते झडपेकडे धावत सुटले.